लिनक्सवरचा व्हिडिओ प्लेअर: आधी इंजिन तपासा, मग प्लेअर निवडा

फोनमधला लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला, उघडला, सनई ऐकू येते आहे आणि चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन. लिनक्सवर नव्याने आलेल्या माणसाला हा अनुभव हमखास येतो. मग एकामागून एक चार प्लेअर टाकून पाहिले जातात आणि ज्यात चित्र दिसलं तो "चांगला प्लेअर" ठरतो. खरं तर बिघाड बहुतेक वेळा प्लेअरमध्ये नसतोच. तो त्याच्या एक थर खाली असतो. म्हणून प्लेअर निवडण्याचं काम खालून वर करावं: फाइल, कोडेक (चित्र-आवाज आवळण्याची आणि उलगडण्याची पद्धत), ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि सगळ्यात शेवटी प्लेअर.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा, पॅकेजं आणि सेटिंग्जची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायची.

फाइलमध्ये नेमकं काय आहे?

एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय ही पिशव्यांची नावं आहेत. पिशवीत चित्र एका पद्धतीने आवळून भरलेलं असतं (एच.२६४, एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५, व्हीपी९, एव्ही१) आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने (एएसी, एसी३, ओपस). "माझ्याकडे एमपी४ चालत नाही" या तक्रारीवरून काहीच कळत नाही. एच.२६४ असलेली एमपी४ जवळपास कुठेही चालेल, पण नव्या आयफोनमधली एचईव्हीसीची एमओव्ही अडेल.

आत काय आहे ते पाहायचे तीन मार्ग आहेत. टर्मिनलमध्ये "एफएफप्रोब" लिहून पुढे फाइलचं नाव द्या, शेवटच्या काही ओळींत चित्राचा आणि आवाजाचा कोडेक दिसतो. व्हीएलसीमध्ये फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. एमपीव्हीमध्ये मोठा आय, म्हणजे शिफ्ट धरून आय दाबा, माहिती पडद्यावर टिकून राहते. चित्राचा कोडेक, रिझोल्यूशन, सेकंदाला किती फ्रेम आणि रंग ८ बिटचे की १० बिटचे, एवढं कागदावर टिपून ठेवा. पुढचे सगळे निर्णय यावरच आहेत.

कोडेकचा थर

लिनक्सवरचे बहुतेक प्लेअर दोन इंजिनांपैकी एकावर चालतात. एक एफएफएमपेग: एमपीव्ही आणि त्यावर बेतलेले सगळे प्लेअर पूर्णपणे यावर, आणि व्हीएलसी बऱ्याच अंशी यावर. दुसरं जीस्ट्रीमर: ग्नोम या डेस्कटॉपचा जुना टोटेम, ग्नोम ४९ पासून त्याच्या जागी आलेला शोटाइम, आणि क्लॅपर. एक प्लेअर अडला म्हणून त्याच इंजिनाचा दुसरा टाकण्यात अर्थ नसतो. टोटेममध्ये काळं चित्र आलं तर क्लॅपरमध्येही बहुधा काळंच येईल.

एच.२६४ आणि एचईव्हीसीवर पेटंट आहेत, म्हणून काही वितरणं (उबुंटू, फेडोरा अशी लिनक्सची वेगवेगळी रूपं) त्यांचे कोडेक सोबत देत नाहीत. ते आपण घालायचे.

उबुंटूवर "सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज" ही एक आज्ञा पुरते. मध्येच मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचा करार दाखवणारा पडदा येतो आणि माउसने काही होत नाही. टॅब दाबून ओके निवडायचं आणि एंटर मारायचा. पुष्कळ जण इथे खिडकी बंद करतात आणि पॅकेज अर्धवट राहतं. तसं झालं असेल तर "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" चालवून पुन्हा सुरुवात करा.

फेडोरावर आरपीएम फ्यूजन ही रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं ऑनलाइन कोठार, जोडावी लागते. फेडोरासोबत येणारं एफएफएमपेग-फ्री हे कापलेलं रूप आहे. रेपॉझिटरी जोडल्यावर "सुडो डीएनएफ स्वॅप एफएफएमपेग-फ्री एफएफएमपेग --अलाउइरेझिंग" या आज्ञेने पूर्ण रूप घ्या. एएमडीचं ग्राफिक्स असेल तर मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स-फ्रीवर्ल्ड हे पॅकेजही लागेल, कारण फेडोरा ३७ पासून मूळ मेसामधून (ग्राफिक्सच्या मुक्त ड्रायव्हरांचा संच) एच.२६४ आणि एचईव्हीसीचं हार्डवेअर डीकोडिंग काढलेलं आहे. ओपनसुसेवर हेच काम पॅकमन रेपॉझिटरी करते. आर्चवर एफएफएमपेग पूर्णच येतं.

इथे थांबून तीच फाइल पुन्हा उघडा. काळा चौकोन गेला असेल तर अर्धं काम झालं.

चित्र आलं, पण अडखळतंय

आता प्रश्न प्रोसेसरचा. व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरने करायचं की ग्राफिक्समधल्या खास भागाने, यावर पंखा गरगरणार की लॅपटॉप थंड राहणार हे ठरतं. आपल्याकडे सेकंडहँड ऑफिस लॅपटॉपवर लिनक्स टाकणारे खूप आहेत, म्हणून इंटेल कोअर प्रोसेसरच्या पिढ्या लक्षात ठेवलेल्या बऱ्या. एच.२६४ दुसऱ्या पिढीपासून पुढे सगळीकडे हार्डवेअरवर चालतं. ८ बिट एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून. १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ व्यवस्थित हवं तर सातवी पिढी. एव्ही१ अकराव्यापासून. म्हणजे चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर फोनमधला ४के एचईव्हीसी व्हिडिओ कोणत्याही प्लेअरमध्ये सुरळीत चालण्याची आशा धरू नका. तिथे प्लेअर बदलण्यापेक्षा फोनच्या कॅमेऱ्यात जाऊन १०८० आणि एच.२६४ निवडणं शहाणपणाचं. आयफोनमध्ये या पर्यायाला "मोस्ट कंपॅटिबल" म्हणतात.

ड्रायव्हर बसलाय का, हे "व्हीएइन्फो" ही आज्ञा सांगते. उत्तरात प्रोफाइलची यादी आली आणि हव्या त्या कोडेकसमोर व्हीएलडी हे शब्द दिसले की हार्डवेअर तयार आहे. यादीऐवजी चूक आली तर ड्रायव्हर नाही. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे इंटेल-मीडिया-ड्रायव्हर (डेबियन-उबुंटूवर त्याचं नाव इंटेल-मीडिया-व्हीए-ड्रायव्हर), त्याआधीच्या यंत्रांना आय९६५ व्हीए ड्रायव्हर. एनव्हिडियाचा मामला वेगळा. तिथे कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकला की एमपीव्ही एनव्हीडेक मार्गाने काम करतो आणि व्हीएइन्फोची गरज पडत नाही.

प्लेअर हार्डवेअर खरंच वापरतोय का, हे डोळ्यांनी पाहता येतं, आणि याबाबतीत एमपीव्हीइतकं स्पष्ट कुणी बोलत नाही. शिफ्ट-आय दाबल्यावर कोडेकच्या ओळीत व्हीएएपीआय किंवा एनव्हीडेक दिसलं तर हार्डवेअर चालू आहे. त्याच पडद्यावर गळलेल्या फ्रेमचे दोन आकडे असतात. पहिला, डीकोडरचा, वाढत असेल तर यंत्राला उलगडणं झेपत नाहीये. दुसरा, आउटपुटचा, वाढत असेल तर उलगडणं ठीक आहे पण पडद्यावर चितारणं मागे पडतंय. तेव्हा सेटिंगच्या फाइलमध्ये (ती कशी करायची ते पुढे येईल) "प्रोफाइल=फास्ट" ही ओळ घातली की जुन्या ग्राफिक्सवरचा भार बराच उतरतो.

व्हीएलसीमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स इथे हार्डवेअर डीकोडिंग "ऑटोमॅटिक" ठेवता येतं. पण सगळ्या वितरणांतली व्हीएलसी ३ ची पॅकेजं सारखी बांधलेली नसतात, तेव्हा सेटिंगवर विसंबू नका. सिस्टम मॉनिटर शेजारी उघडून प्रोसेसरचा आलेख बघा.

आता प्लेअर

आमचं मत आधी सांगतो: स्वतःच्या रोजच्या वापराला एमपीव्ही किंवा त्यावर बेतलेला एखादा, आणि त्याच्या जोडीला व्हीएलसी. दोन्ही एकाच यंत्रावर सुखाने नांदतात.

व्हीएलसीचा जन्म १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेत विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून झाला. कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायचा होता, त्यासाठी. ते मूळ आजही जाणवतं. नेटवर्कवरचा प्रवाह, टीव्ही कार्ड, सीसीटीव्हीचा आरटीएसपी पत्ता, डीव्हीडीचा मेन्यू, अर्धवट डाउनलोड झालेली फाइल, अशा वेड्यावाकड्या मालात व्हीएलसी सगळ्यांच्या पुढे आहे. विंडोजवरून आलेल्या घरच्यांना ते ओळखीचंही असतं. उणी बाजू अशी की व्हीएलसी ३ वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवण्याची नवी पद्धत) थेट चालत नाही, जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमांसाठीच्या एक्सवेलँडच्या आडून चालतं. पडद्याचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल तर बटणं धूसर दिसू शकतात.

एमपीव्ही हा एमप्लेअरच्या वंशातला, पहिली आवृत्ती २०१३ ची. उघडलात तर जवळजवळ रिकामी खिडकी दिसते, मेन्यूबिन्यू काही नाही. कीबोर्ड आणि एक साधी मजकुराची फाइल यांवर तो चालतो. चित्राचा दर्जा, वेग आणि सबटायटलची मांडणी या तिन्हींत तो आमच्या मते पहिला. फोनवर एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराच्या जास्त मोठ्या पट्ट्यात) काढलेले व्हिडिओ काही प्लेअरमध्ये फिके, धुरकट दिसतात. एमपीव्ही त्यांचे रंग साध्या पडद्याला साजेसे करून दाखवतो.

कीबोर्डची सवय नसेल तर एमपीव्हीचंच इंजिन बटणांच्या खिडकीत मिळतं. ग्नोम किंवा सिनॅमन डेस्कटॉपवर सेल्युलॉइड (लिनक्स मिंटमध्ये १९.३ पासून हाच ठरलेला प्लेअर आहे), केडीईवर हारुना. एसएमप्लेअर दिसायला जुन्या वळणाचा, पण प्रत्येक फाइलची जागा, आवाजाचा ट्रॅक, सबटायटल हे सगळं वेगवेगळं लक्षात ठेवतो. घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर रोज तीच मालिका पुढे चालू ठेवायची असेल तर तो फार सोयीचा. कोडी या यादीत मोडत नाही. तो टीव्हीला जोडलेल्या यंत्रासाठी, रिमोटने चालवायचा संग्रह आहे. एखादी फाइल पटकन बघायला कोडी उघडणं म्हणजे उगाच उपद्व्याप.

कुठून टाकायचा हेही महत्त्वाचं. वितरणाच्या स्वतःच्या रेपॉझिटरीतलं पॅकेज सर्वांत कमी त्रास देतं. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या सगळ्या वितरणांसाठीच्या पॅकेजांतले प्लेअर कुंपणात, म्हणजे मर्यादित परवानग्यांत, चालतात. स्नॅपमधलं व्हीएलसी पेनड्राइव्हवरची फाइल उघडत नसेल तर फाइल खराब नाही, परवानगी नाही. "सुडो स्नॅप कनेक्ट व्हीएलसी:रिमूव्हेबल-मीडिया" ही आज्ञा दिली की उघडते. फ्लॅटपॅकमध्ये आणखी एक खोच आहे: एमपीव्हीची सेटिंगची फाइल नेहमीच्या जागी ठेवली तर तो तिच्याकडे बघतही नाही. होम फोल्डरमधल्या ".व्हार" फोल्डरात "ॲप", त्यात प्लेअरच्या लांबलचक नावाचं फोल्डर, त्यात "कॉन्फिग" आणि मग "एमपीव्ही", इतक्या आत ती ठेवावी लागते.

एमपीव्ही पाच ओळींत लावून घ्या

होम फोल्डरात ".कॉन्फिग" या लपलेल्या फोल्डरमध्ये (कंट्रोल-एच दाबलं की दिसतं) "एमपीव्ही" नावाचं फोल्डर करा आणि त्यात "एमपीव्ही.कॉन्फ" ही रिकामी फाइल. तिच्यात एवढंच लिहा:

एचडब्ल्यूडेक=ऑटो-सेफ
सेव्ह-पोझिशन-ऑन-क्विट
स्लँग=एमआर,एमएआर,ईएन
सब-ऑटो=फझी
सब-फॉन्ट="नोटो सॅन्स देवनागरी"

पहिली ओळ हार्डवेअर डीकोडिंग चालू करते. ती नसेल तर एमपीव्ही सगळं काम प्रोसेसरवर टाकतो, आणि "एमपीव्हीने लॅपटॉप तापतो" या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. दुसरी ओळ सोडलेल्या जागेपासून पुढे सुरू करते. तिसरी सबटायटलची पसंती: आधी मराठी, नाहीतर इंग्रजी. मराठीसाठी दोन अक्षरी आणि तीन अक्षरी असे दोन्ही संकेत चालतात, म्हणून दोन्ही दिले. चौथीमुळे सबटायटलच्या फाइलचं नाव व्हिडिओच्या नावाशी तंतोतंत जुळलं नाही, नुसतं त्यात व्हिडिओचं नाव आलं, तरी ती उचलली जाते.

चौकोनी कंसाच्या दोन कळांनी वेग दहा-दहा टक्क्यांनी कमीजास्त होतो, बॅकस्पेसने मूळ जागी. पूर्णविराम आणि स्वल्पविराम एकेक फ्रेम पुढे-मागे नेतात. एल दोनदा दाबून दोन जागांमधला तुकडा फिरता ठेवता येतो. गाण्याची हरकत किंवा तबल्याचा बोल घोटून घ्यायचा असेल तेव्हा ही कळ सोन्यासारखी आहे.

मराठी सबटायटल: चार आजार, चार औषधं

इथे लोक सगळ्यांत जास्त अडकतात, आणि गंमत म्हणजे आजार पडद्यावर बघूनच ओळखता येतो.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही. डेबियन-उबुंटूवर फॉन्ट्स-नोटो-कोअर किंवा फॉन्ट्स-लोहित-देवा टाका, प्लेअर बंद करून पुन्हा उघडा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग कुठलंतरी चिन्ह, मग आणखी एक, आणि हेच पुन्हा पुन्हा, अशी रांग दिसली तर फॉन्ट ठीक आहे, एन्कोडिंग चुकलंय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिली बाइट नेहमी तीच. प्लेअरने प्रत्येक बाइटला वेगळं रोमन अक्षर समजलं की एका "म" ची तीन भुतं होतात आणि त्यातलं पहिलं सगळीकडे सारखं. व्हीएलसीमध्ये प्रेफरन्सेसच्या सबटायटल विभागात डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. एमपीव्हीमध्ये "सब-कोडपेज=यूटीएफ-८" ही ओळ. तरीही बिघडलेलं दिसलं तर "फाइल" ही आज्ञा सबटायटलच्या नावावर चालवा. उत्तरात यूटीएफ-१६ आलं, तर ती फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये "युनिकोड" म्हणून जतन झालेली असणार. "आयकॉन्व्ह" या आज्ञेने ती यूटीएफ-८ करून घ्या.

तिसरा आजार: अक्षरं मराठीच, पण "कि" मधली वेलांटी क च्या मागे जाऊन बसलेली, जोडाक्षरं फुटून हलंत उघडे पडलेले. हा अक्षरजुळणीचा दोष. त्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी लागते आणि प्लेअर तिच्यासह बांधलेला असावा लागतो. एमपीव्ही सबटायटल लिबॅस या लायब्ररीकडून काढून घेतो आणि लिबॅस हार्फबझ वापरते, म्हणून तिथे हे सहसा होत नाही. व्हीएलसीची ३ च्या आधीची आवृत्ती कुठे शिल्लक असेल तर ती बदला.

चौथा आजार जुना आणि आपल्या खास ओळखीचा. फाइल मजकूर-संपादकात उघडली तरी रोमन अक्षरं आणि चिन्हांचाच कचरा, एन्कोडिंग कोणतंही निवडा. हा मजकूर कृतिदेव, श्रीलिपी किंवा योगेशसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला आहे. तिथे "मराठी" हा शब्द फाइलमध्ये साठवलेलाच नसतो, त्या फॉन्टात तसा दिसेल असा चिन्हांचा क्रम असतो. कोणताही प्लेअर यावर काही करू शकत नाही. फॉन्ट-रूपांतरकातून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. फक्त वेळेच्या ओळी रूपांतरातून वगळायच्या, नाहीतर आकडे आणि बाणही बदलतात आणि फाइल निकामी होते.

सबटायटल मागेपुढे होत असतील तर आधी सुरुवातीला आणि तासाभराने, दोनदा मोजा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर एमपीव्हीमध्ये झेड (आधी आणायला) आणि शिफ्ट-झेड (उशिरा न्यायला) दर दाबाला ०.१ सेकंद सरकवतात. व्हीएलसीमध्ये जी आणि एच, दर दाबाला ५० मिलिसेकंद. फरक वाढत जाऊन तासाला अडीच मिनिटांच्या आसपास पोहोचला, तर सबटायटल २५ फ्रेमच्या प्रतीवरून केलेलं आहे आणि व्हिडिओ २३.९७६ चा आहे, किंवा उलट. मग सरकवण्याचा उपयोग नाही, वेग बदलायला हवा: एमपीव्हीत "सब-स्पीड=२५/२३.९७६", उलट असेल तर भागाकार उलटा.

नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी

मराठी नाटकांचा एक मोठा साठा घरोघरी व्हीसीडीवर पडून आहे आणि चकत्या दरवर्षी खराब होत चालल्या आहेत, म्हणून हे आज करण्यासारखं काम आहे. व्हीसीडी लिनक्सवर घातली की फोल्डर दिसतं, त्यात "एव्हीसेक०१.डॅट" दिसते, पण कॉपी करताना चूक येते. चकती खराब आहे असं समजून ती फेकू नका. व्हीसीडीवरचा व्हिडिओ साध्या डेटाच्या सेक्टरमध्ये नसतो, म्हणून नेहमीची कॉपी तिथे अडखळतेच. बघण्यासाठी व्हीएलसीत मीडिया, ओपन डिस्क, मग एसव्हीसीडी/व्हीसीडी निवडा. एमपीव्ही व्हीसीडी वाचत नाही. जतन करायला "व्हीसीडीइमेजर" पॅकेज टाका. त्यातली "व्हीसीडीएक्सरिप" ही आज्ञा प्रत्येक ट्रॅकची एमपीजी फाइल काढून देते. चित्र ३५२ बाय २८८ चंच असतं. ते मोठं करून पुन्हा एन्कोड करू नका, मूळ फाइल जपा.

डीव्हीडीला मेन्यू हवा असेल तर व्हीएलसीच. कुलूपबंद डीव्हीडीसाठी डेबियन-उबुंटूवर "लिबडीव्हीडी-पीकेजी" टाकून मग "सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लिबडीव्हीडी-पीकेजी" चालवावं लागतं. दुसरी पायरी विसरली की डिस्क नुसती गरगरते. हालचालीच्या वेळी कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एकाआड एक रेघांनी दोन टप्प्यांत साठवलेलं. दोन्ही प्लेअरमध्ये डी दाबा.

आपल्याकडच्या टीव्हीच्या रेकॉर्डिंगबद्दल आणखी एक. ती सेकंदाला २५ फ्रेमची असतात आणि लॅपटॉपचा पडदा ६० हर्ट्झचा, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र हलके धक्के देतं. एचडीएमआयने टीव्ही जोडला असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा. प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि धक्के थांबतात.

ठरलेला प्लेअर

निवड झाली की फाइल मॅनेजरमध्ये व्हिडिओवर उजवी क्लिक, "ओपन विथ", आपला प्लेअर निवडून तोच नेहमीसाठी ठरवा. एमपी४ साठी केलं म्हणून एमकेव्हीला ते आपोआप लागत नाही. एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही, एव्हीआय आणि वेबएम, प्रत्येकाची एकेक फाइल घेऊन पाच वेळा करा. आणि जुना प्लेअर लगेच काढून टाकू नका. ग्नोमवर टोटेम काढताना ॲप्ट (डेबियन-उबुंटूवरचं पॅकेजं टाकणारं-काढणारं साधन) आणखी कोणती पॅकेजं काढायला निघाला आहे, ती यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नका. फाइल मॅनेजरमधली व्हिडिओची छोटी चित्रं काही वितरणांत त्याच्याच सोबतच्या साधनाने तयार होतात आणि तो गेला की तीही जातात.